खर्रा सुटेल, सुपारीचं काय?

प्रश्न : मोठे भाऊ दिवसाला चार-पाच खर्रे (तंबाखू, सुपारी, चुना घोटलेलं मिश्रण) खातात. हल्ली सावजी रस्सा तोंडाला झोंबतो, जांभई देताना जबडा ताणतो. तंबाखू सोडून नुसती सुपारी चालेल का? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मुळीच नाही. जबडा आखडतो तो मुख्यतः सुपारीमुळे. तिच्यातलं अरेकोलिन हे रसायन गालाच्या अस्तराखाली तंतू साठवतं. चुना अस्तर सोलून त्याला वाट करून देतो. हा सबम्यूकस फायब्रोसिस, कर्करोगाची पूर्वावस्था. (राज्यात २०१२ला गुटखाबंदी झाली, प्लास्टिकच्या पन्नीवर घोटलेला खर्रा मात्र चालूच!)

त्यांची स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून उघड्या तोंडात जातात का बघा. दोनच गेली तर याच आठवड्यात शासकीय दंत महाविद्यालय गाठा. साठलेले तंतू सहसा विरत नाहीत, सुपारी थांबवली तर वाढ मंदावते. तलफ पहिले तीन दिवस जोरात असते. आखडलेल्या जबड्याला निकोटिनचं च्युइंगम नको. डॉक्टरांना विचारून त्वचेवर निकोटिनची पट्टी लावा.