गेल्या वर्षीचा आकडा अधिक दहा टक्के

प्रश्न: मी न्यायालयीन प्रशासनाच्या नियोजन व अंदाजपत्रक शाखेत नव्यानेच रुजू झालो आहे. आमची रीत ठरलेली आहे. वित्त विभागाचं परिपत्रक आलं की खालच्या सगळ्या न्यायालयांकडून आठ दिवसांत तक्ते मागवायचे, गेल्या वर्षीच्या आकड्यावर दहा टक्के चढवायचे, बेरीज करायची आणि प्रस्ताव वर पाठवायचा. वित्त विभाग ते दहा टक्के उडवून टाकतो. वरिष्ठ म्हणतात, हे असंच चालतं. बदलायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर: ते दहा टक्के उडतात, कारण त्यांच्या पाठीशी काहीच उभं नसतं. कशासाठी वाढ, असं विचारलं तर ‘महागाई आणि कामाचा वाढता ताण’ यापलीकडे उत्तर नसतं, आणि हे वाक्य प्रत्येक खात्याच्या प्रस्तावात असतं. माझी सारी नोकरी न्यायालयाच्या लेखा शाखेत गेली. तुमचे ते आठ दिवस मला चांगले ठाऊक आहेत. त्या आठ दिवसांत नियोजन होऊच शकत नाही, फक्त बेरीज होते. म्हणून सुरुवात पैशापासून करू नका, कामापासून करा.

न्यायालयाचं काम म्हणजे येणारे खटले. पण खटल्यांची नुसती संख्या फसवते. समजा, एका न्यायालयात वर्षाला ८६० प्रकरणं दाखल होतात. त्यांत ६०० साध्या वसुलीचे दावे, २०० कौटुंबिक वाद आणि ६० गंभीर फौजदारी खटले. वसुलीच्या दाव्याला न्यायाधीशाची सरासरी ५० मिनिटं लागतात, कौटुंबिक वादाला ३००, फौजदारी खटल्याला ९००, असं धरू. गुणाकार केला की १,४४,००० मिनिटं होतात. एका न्यायाधीशाला वर्षात २१० दिवस, रोज पाच तास प्रत्यक्ष खटल्यांसाठी मिळतात असं मानलं, तर ६३,००० मिनिटं. म्हणजे सव्वादोन न्यायाधीशांचं काम झालं. आता दुसरं न्यायालय घ्या. तिथेही प्रकरणं ८६०च, पण ३०० वसुलीची, ४०० कौटुंबिक आणि १६० गंभीर फौजदारी. इथे होतात २,७९,००० मिनिटं, जवळपास साडेचार न्यायाधीशांचं काम. तुमच्या आजच्या तक्त्यात ही दोन्ही न्यायालयं सारखीच दिसतात आणि दोघांनाही सारखेच दहा टक्के मिळतात.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्हाला मोजावे लागतील. काही निवडक न्यायालयं घ्या, लहान, मोठी, मध्यम. तिथले न्यायाधीश आणि कर्मचारी काही आठवडे कोणत्या प्रकारच्या प्रकरणाला किती वेळ गेला, याची रोज नोंद ठेवतील अशी व्यवस्था करा. त्यात फक्त सुनावणीचाच नाही, तर कागद वाचण्याचा आणि निकाल लिहिण्याचा वेळही आला पाहिजे. सुरुवातीला कुरकुर होईल. ही नोंद कोणाची झाडाझडती घेण्यासाठी नाही, हे न्यायाधीशांनीच न्यायाधीशांना सांगितलं तर पटतं. लेखा शाखेने सांगून पटत नाही.

हा मार्ग नवा नाही. अमेरिकेत विल्यम्सबर्गचं ‘नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्स’ राज्याराज्यांच्या न्यायालयांसाठी असे अभ्यास कित्येक वर्षं करत आलं आहे. तिथल्या संघीय जिल्हा न्यायालयांत खटल्याच्या प्रत्येक प्रकाराला लागणाऱ्या वेळेनुसार भार ठरवून दिलेला असतो, आणि दर न्यायाधीशपदामागे असे ४३० भारित खटले ही नवी पदं मागण्याची कसोटी धरली जाते. नेदरलँड्समध्ये २००२ साली न्याय परिषद स्थापन झाली आणि पुढे न्यायालयांना पैसा प्रकरणांचे प्रकार, त्यांना लागणारा वेळ आणि त्यांची संख्या यांवरून मिळू लागला.

काम मोजून झालं की खर्चाकडे वळा, आणि सगळा खर्च एका पारड्यात टाकू नका. पगार ठरलेला असतो. मंजूर पदं, भरलेली पदं आणि वर्षात भरली जाणारी पदं नीट मांडली की तो आकडा जवळपास बरोबर येतो. खरी फसगत होते ती खटल्यांबरोबर वरखाली होणाऱ्या खर्चात. साक्षीदारांचा भत्ता, दुभाष्याचं मानधन, समन्सचं टपाल, गरीब आरोपीला दिलेल्या वकिलाची फी. या रकमा एकूण अंदाजपत्रकात एवढ्याशा दिसतात आणि कात्री पहिली त्यांच्यावरच चालते.

साक्षीदार भत्त्याचंच बघा. वर्षाचा आठवा महिना उजाडतो आणि त्या लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्या खर्चाच्या खात्यात, शिल्लक शून्य. साक्षीदार दुसऱ्या गावाहून, दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. साक्ष होते, न्यायाधीश भत्त्याच्या कागदावर सही करतात, तो लेखा शाखेच्या खिडकीशी येतो आणि कारकून त्याला सांगतो की अनुदान आलं की कळवू. त्याच्या हातात परतीचं भाडंही नसतं. पुढच्या तारखेला तो येत नाही. मग वॉरंट, मग तहकुबी, आणि तुरुंगात असलेला आरोपी आणखी दोन महिने आत. या दोन महिन्यांचा खर्च तुरुंगाच्या अंदाजपत्रकात पडतो, न्यायालयाच्या नाही, म्हणून तो कोणी जोडून पाहत नाही. तुम्ही पाहा. गेल्या तीन वर्षांत दर फौजदारी खटल्यामागे सरासरी किती साक्षीदार आले आणि दर साक्षीदाराला किती रक्कम द्यावी लागली, एवढं नोंदवहीतून काढलंत तरी या शीर्षाची मागणी खोडणं वित्त विभागाला जड जाईल.

तिसरा खर्च इमारती आणि यंत्रणांचा. इथे एकच नियम पाळा: नव्या न्यायकक्षाचा प्रस्ताव त्याच्या पुढच्या पाच वर्षांच्या खर्चासकट जाईल. लघुलेखक, शिपाई, वीज, सफाई, सुरक्षारक्षक, संगणकांची देखभाल, सगळं. नाहीतर कक्ष बांधून तयार होतो, फीत कापली जाते आणि लघुलेखकाचं पद मंजूर नाही म्हणून दाराला कुलूप राहतं.

राहिला वेळापत्रकाचा मुद्दा. वित्त विभागाचं परिपत्रक येईपर्यंत थांबू नका. ते यायच्या चार-पाच महिने आधी तुमचं स्वतःचं पत्र खाली जाऊ दे, आणि त्यात कोरे तक्ते नकोत. त्या न्यायालयाची दाखल, निकाली आणि प्रलंबित प्रकरणं तुमच्याकडे आहेतच. ती भरून पाठवा आणि पुढच्या वर्षी यात काय बदलेल, एवढंच विचारा. नवा कायदा येतोय का, नवं पोलीस ठाणं होतंय का, कोण निवृत्त होतंय. मग न्यायाधीश, प्रबंधक आणि लेखा यांना एका टेबलाशी बसवून प्राधान्यक्रम ठरवा. हा क्रम न्यायव्यवस्थेने स्वतः लावला नाही, तर तो वित्त विभागातला एखादा अधिकारी लावेल, आणि त्याने न्यायकक्षात कधी पाऊलही ठेवलेलं नसेल.

प्रश्न: न्यायालयांना पैसा अपुरा पडतो असंही वाचते आणि मिळालेला निधी खर्च न होता परत गेला असंही वाचते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं?

उत्तर: दोन्ही खरं असतं, आणि कारण एकच असतं: पैसा एका ठरावीक शीर्षाला बांधलेला असतो, गरज दुसरीकडे असते. भारतातलं ठळक उदाहरण तेराव्या वित्त आयोगाचं. २०१० ते २०१५ या पाच वर्षांसाठी आयोगाने न्यायदान सुधारण्यासाठी ५,००० कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातला निम्मा वाटा, २,५०० कोटी, सकाळच्या, संध्याकाळच्या आणि पाळीतल्या न्यायालयांसाठी होता. बाकीचा पर्यायी तंटा निवारण केंद्रं, प्रशिक्षण, न्यायालय व्यवस्थापक, जुन्या वारसा इमारतींची दुरुस्ती यांसाठी. पाच वर्षं सरली तेव्हा या पैशाचा मोठा भाग वापरला गेलेला नव्हता.

पैसा ज्या कामासाठी बांधून दिला होता, ते काम करायला माणसं तयार आहेत का, हे आधी पाहावं लागतं. संध्याकाळी न्यायालय चालवायचं तर वकील हवेत, कर्मचारी हवेत, सरकारी वकील हवा, कैद्यांना आणणारा पोलीस बंदोबस्त हवा. दिवसभर काम करून थकलेली तीच माणसं संध्याकाळी पुन्हा उभी राहतील, हे गृहीत धरून चालत नाही. एकीकडे निधी पडून होता आणि दुसरीकडे नेहमीच्या न्यायालयांत न्यायाधीशांची पदं रिकामी होती. पण एका शीर्षातला पैसा दुसरीकडे वळवायचा तर मंजुरी लागते, आणि ती मिळेपर्यंत वर्ष संपतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की न्यायव्यवस्थेला आपल्याच शीर्षांमध्ये पुनर्विनियोजन करण्याचा, म्हणजे एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवण्याचा अधिकार, ठरावीक मर्यादेत का होईना, असला पाहिजे. त्याच्या बदल्यात दर तिमाहीला खर्चाचा हिशेब उघड करावा. सहा महिन्यांनी एखाद्या शीर्षात पाव भागही खर्च झालेला नसेल, तर ते तेव्हाच दिसावं. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने खुर्च्या आणि छपाईयंत्रं विकत घेतली जातात, ती हे वेळीच न दिसल्यामुळे. परत गेलेला निधी पुढच्या वर्षीच्या मागणीविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा होऊन बसतो, हे तर तुम्हाला पटेलच.

प्रश्न: मग दर वर्षी हात पसरण्यापेक्षा राज्यघटनेतच न्यायव्यवस्थेचा टक्का ठरवून का टाकत नाहीत?

उत्तर: काही देशांनी ठरवला आहे. कोस्टारिकाच्या घटनेत सामान्य महसुलाच्या किमान ६ टक्के, एल साल्व्हादोरमध्येही चालू महसुलाच्या ६ टक्के, ग्वातेमालात २ टक्के. यामुळे सरकारची मर्जी फिरली म्हणून न्यायालयाचा गळा आवळता येत नाही, आणि ही गोष्ट लहान नाही. पण टक्का महसुलाला बांधलेला असतो. मंदी आली की महसूल घटतो, आणि नेमक्या त्याच काळात कर्जवसुलीचे, दिवाळखोरीचे, घर रिकामं करण्याचे दावे वाढतात. काम चढतं आणि पैसा उतरतो.

मला फिलिपाइन्सची तरतूद जास्त उपयोगाची वाटते. १९८७च्या तिथल्या घटनेनुसार विधिमंडळाला न्यायव्यवस्थेची तरतूद आदल्या वर्षीपेक्षा कमी करता येत नाही, आणि मंजूर रक्कम आपोआप, नियमितपणे वितरित व्हावी लागते. या दुसऱ्या भागाकडे लोकांचं लक्ष जात नाही. अंदाजपत्रकात मंजूर आणि हातात आलेलं यांत किती अंतर असतं, ते कोणत्याही लेखापालाला विचारा. अमेरिकेत संघीय न्यायव्यवस्थेची मागणी अध्यक्षांना बदल न करता काँग्रेसकडे पाठवावी लागते. कात्री लावायची तर ती काँग्रेसने, सगळ्यांसमोर, लावायची. केनियाच्या २०१०च्या घटनेने स्वतंत्र न्यायव्यवस्था निधी दिला, आणि तिथे मुख्य प्रबंधक अंदाजपत्रक थेट राष्ट्रीय सभेकडे मंजुरीसाठी पाठवतात. पण यांतल्या प्रत्येक व्यवस्थेत मागणीमागचं गणित न्यायालयालाच मांडावं लागतं. स्वायत्तता मिळाली की ते काम वाढतं.

प्रश्न: मी न्यायाधीश आहे. मिनिटं मोजून पैसा मिळू लागला तर उद्या आम्हाला कारखान्यासारखं उत्पादन मागितलं जाईल, अशी भीती वाटते. ती अनाठायी आहे का?

उत्तर: नाही, मुळीच नाही. मी वर नेदरलँड्सचं नाव घेतलं. तिथेच डिसेंबर २०१२मध्ये लीवार्डनच्या अपील न्यायालयातल्या काही न्यायाधीशांनी जाहीरनामा काढला की निकालांच्या संख्येच्या दबावाने कामाचा कस उतरतो आहे. देशभरातल्या शेकडो न्यायाधीशांनी त्यावर सह्या केल्या. ते बरोबर होते, असं मला वाटतं.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की हा धोका बराच टळतो. सरासरी मिनिटं ही पूर्ण न्यायालयाला किती माणसं लागतील हे ठरवण्यासाठी असतात. एका न्यायाधीशाने अमुक खटला तेवढ्या वेळात संपवावा, यासाठी ती कधीही वापरू नयेत. वैयक्तिक नोंदी अंदाजपत्रक शाखेकडे नावानिशी येऊच नयेत, आणि ही अट अभ्यास सुरू होण्याआधी लेखी असावी. दुसरं म्हणजे वेगाबरोबर इतर मापंही मांडावीत. युरोप परिषदेच्या न्याय-कार्यक्षमता आयोगाने रूढ केलेलं एक सोपं माप आहे: वर्षअखेर प्रलंबित प्रकरणं भागिले वर्षभरात निकाली निघालेली, गुणिले ३६५. प्रलंबित ९०० आणि निकाली ६०० असतील, तर सुमारे ५४७ दिवस, म्हणजे आजच्या वेगाने प्रलंबित काम संपायला लागणारा काळ. हा आकडा प्रशासनाला कुठे माणसं कमी आहेत ते दाखवतो. त्याच्याशेजारी अपिलात फिरवले गेलेले निकाल आणि पक्षकारांना दिलेल्या तारखा किती वेळा बदलल्या, हेही असू द्या.

तुमच्या न्यायालयात असा वेळेचा अभ्यास ठरला, तर त्याच्या समितीत तुम्ही स्वतः जा. कोणते प्रकार वेगळे मोजायचे, लहान मुलाच्या साक्षीला किंवा दुभाष्यामार्फत चालणाऱ्या खटल्याला जादा वेळ धरायचा का, हे तिथे ठरतं, आणि तिथे न्यायाधीश नसले तर ते आमच्यासारखी लेखा शाखेची माणसं ठरवतात.