तुमचे प्रश्न: सभेत पटतं, घरी आल्यावर आठवत नाही

प्रश्न: बिंदू चौकात सभा ऐकताना अंगावर काटा येतो, टाळ्या आपोआप वाजतात, आणि घरी येऊन मिस्टरांनी विचारलं काय बोलला तर धड एक मुद्दा सांगता येत नाही. हे वक्ते नेमकं करतात काय? लेक शाळेत वक्तृत्व स्पर्धेत उतरलीय, तिला पण सांगेन. (वाचक, राजारामपुरी)

उत्तर: ताई, सगळ्यांचंच होतं हो असं. चांगला वक्ता अर्धं बोलतो आणि उरलेलं तुमच्याकडून वदवून घेतो, आणि आपणच काढलेल्या उत्तराशी आपण कशाला भांडू? २०१९ च्या लोकसभेला आपल्याकडं कोल्हापुरात 'आमचं ठरलंय' ही घोषणा किती गाजली बघा. काय ठरलंय, कुणी ठरवलं, एक अक्षर नाही. आघाडी काँग्रेस-राष्ट्रवादीची, उमेदवार राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक, आणि काँग्रेसचे सतेज पाटील त्यांच्या विरोधात, मग नाव घेऊन कसं बोलणार? पण वाचणाऱ्याला बरोबर कळायचं की महाडिकांना मत द्यायचं नाही, आणि न सांगता कळलं म्हणून आपण पण त्या ठरवण्यात हाय असं वाटायचं. राजकारण सोडा, पण घोषणा म्हणून नादखुळा!

टिळकांनी १८९७ ला केसरीत विचारलं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' तसं विधान केलं असतं तर लोकांनी पुरावा मागितला असता. प्रश्न केला, 'नाही' वाचकच म्हणाला.

पण हे कुणाच्याही तोंडी चालत नाही. ॲरिस्टॉटलनं पटवायच्या तीन वाटा सांगितल्यात, बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद, त्यात पहिल्या वाटेचं वजन फार. १९२० ला माणगावच्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेत शाहू महाराजांनी लोकांना सांगितलं की आंबेडकरांच्या रूपानं तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. त्यामागं १९०२ चा ५० टक्के नोकऱ्या राखीव ठेवायचा हुकूम उभा होता, नुसत्या गोड बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

लेकीला सांगा, 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग' यात अर्धा वेळ घालवू नको, शेरोशायरी तर नकोच. आपण स्वतः बघितलेली एक गोष्ट सांग, मग एकच प्रश्न विचार आणि गप्प उभी राहा. पोरं इथंच घाबरतात, शांतता झाली की पुढचं वाक्य घाईनं रेटतात. आणि तुम्ही पुढच्या सभेत वक्त्याचा प्रश्न मनात सरळ विधान करून बघा, मग त्याला पुरावा मागा.