घरच्या साबणाचा हिशेब: तेल कोणते आणि पाणी कसले?

प्रश्न: आमची छोटी खानावळ आहे. तळणीचे वापरून झालेले तेल महिन्याकाठी चार-पाच किलो साठते आणि ते टाकून द्यावे लागते. दुसरीकडे फडकी, अ‍ॅप्रन आणि घरचे कपडे धुण्याच्या साबणावर बराच खर्च होतो. या तेलाचा साबण घरी करता येईल का आणि त्यात खरोखर पैसे वाचतील का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: तुमच्या बाबतीत पैसे नक्की वाचतील, कारण साबणातला सर्वांत महाग घटक, म्हणजे तेल, तुमच्याकडे आधीच वापरून झालेले आहे. जे वाचक दुकानातून नवे खोबरेल आणून कपड्यांचा साबण करू पाहतात, त्यांना तो बाजारच्या वडीपेक्षा महागच पडतो, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

तेल आधी पातळ फडक्यातून दोनदा गाळावे. मग तितक्याच पाण्यात थोडे मीठ घालून त्याबरोबर तेल उकळावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे, म्हणजे मसाल्याचा गाळ व बराचसा वास पाण्याबरोबर खाली बसतो. वरचे तेल अलगद काढून त्यातला पाण्याचा अंश पूर्ण आटवावा. शेंगदाणा, सूर्यफूल किंवा सोयाबीनच्या १ किलो तेलासाठी १३० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि ३०० ग्रॅम पाणी घ्यावे. ही मापे चमच्याने किंवा वाटीने नव्हे, तर ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच घ्यावीत. सोडा जास्त झाला तर साबण हात भाजतो आणि कमी पडला तर कपड्यांवर तेलकटपणा राहतो. मोहरीच्या तेलाला सोडा कमी लागतो, म्हणून ते यात मिसळू नये.

कॉस्टिक सोड्याविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच, उघड्या हवेत, मुले जवळपास नसताना हे काम करावे. सोडा पाण्यात थोडाथोडा घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण ते एकदम उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे असावे. अ‍ॅल्युमिनियमच्या, म्हणजे आपल्याकडच्या जर्मनच्या, पातेल्याला कॉस्टिक खाऊन टाकतो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. त्वचेवर शिंतोडा उडाल्यास भरपूर वाहत्या पाण्याखाली धरावे. डोळ्यात गेल्यास धूत राहावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

द्रावण कोमट झाले की ते तेलात बारीक धारेने ओतत, मिश्रणावर चमच्याची रेघ उमटून राहीपर्यंत ढवळावे. हाताने ढवळल्यास तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. साच्यात ओतल्यावर दोन-तीन दिवसांनी वड्या कापाव्यात आणि हवेशीर जागी चार ते सहा आठवडे वाळू द्याव्यात. १ किलो तेलाचा वाळलेला साबण सुमारे सव्वा किलो भरतो. या तेलांची वडी मऊ राहते आणि फेस बेताचाच येतो. कडक वडी हवी असल्यास ८०० ग्रॅम तळणीच्या तेलात २०० ग्रॅम खोबरेल घालून कॉस्टिक १३८ ग्रॅम घ्यावा, पण मग खर्च वाढतो.

आता पाण्याविषयी. तुमच्याकडे बोअरचे पाणी असेल आणि ते जड असेल, तर त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून चिकट, करडा साका तयार करतात. डिटर्जंटच्या बाबतीत असा साका होत नाही, म्हणूनच घरच्या साबणाने धुतलेली पांढरी फडकी काही धुण्यांत मळकट दिसू लागली, तर दोष बहुधा साबणाचा नसून पाण्याचा असतो. बादलीत आधी एक-दोन चमचे धुण्याचा सोडा (वॉशिंग सोडा, वरचा कॉस्टिक नव्हे) विरघळवावा, मग साबण लावावा. पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर उत्तमच, कारण ते मऊ असते आणि त्यात थोडक्या साबणालाही भरपूर फेस येतो.

प्रश्न: बाजारची वडी किसून, तिच्यात धुण्याचा सोडा मिसळून केलेली पावडर स्वस्त पडते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: वडी डिटर्जंटची असेल तर विशेष नाही, कारण अशा अनेक वड्यांत सोडा आणि भर घालणारी द्रव्ये मुळातच असतात. तेलापासून केलेल्या साबणाचा कीस आणि धुण्याचा सोडा समान वजनाने घेतल्यास कीस जास्त दिवस पुरतो. मात्र ही पावडर आधी गरम पाण्यात पूर्ण विरघळवावी, नाहीतर साबणाचे कण कपड्यांत अडकतात. रेशमी व लोकरीच्या कपड्यांना हा सोडा लावू नये. त्यांच्यासाठी आठ-दहा रिठ्यांची टरफले रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घेतलेले पाणी वापरावे.