हाला ब्रेडची वेणी भाजताना फाटते आणि आतून घट्ट राहते, काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत: वेणीचे पेड भाजताना सांध्यावर फाटतात, आतला भाग घट्ट राहतो आणि वरची बाजू लवकर करपते. कृतीत दूध-लोणी आहे, वेणी घट्ट घातली आहे आणि ओटीजी २०० अंशांवर. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ बहुतेक एकच असतं. वेणी घातल्यावर ब्रेड पुरेसा फुगायच्या आत ओव्हनमध्ये जातो. मग आतला वायू उष्णतेने एकदम ताणतो, तोवर वरची साल धरायला लागलेली असते आणि जिथे जोड कच्चा तिथे, म्हणजे दोन पेडांच्या मधे, पीठ फाटून पांढरे पट्टे दिसतात. घट्ट वेणीने यात भर पडते, कारण पेडांना फुगायला जागाच राहत नाही.

आधी दूध-लोण्याबद्दल. हाला ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची शब्बाथची, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून सुरू होणाऱ्या आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाची, भाकर. ज्यू आहारनियमांत मांस आणि दुग्धजन्य पदार्थ एकत्र चालत नाहीत आणि शब्बाथच्या जेवणात बहुधा मांस असतं, म्हणून हाल्यात तेल घालतात, दूध-लोणी नाही. लोणी घातलं की चव ब्रिओशकडे, म्हणजे भरपूर लोणी-अंड्यांच्या फ्रेंच ब्रेडकडे, झुकते. चांगलीच लागते, पण ती हाला नव्हे. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची पारंपरिक खूण गोड पोह्यांचा मलिदा आहे. वेणीचा ब्रेड मूळचा त्यांचा नाही, त्यामुळे इकडच्या जुन्या घरगुती कृतींत तो शोधू नका.

दोन मध्यम हाल्यांसाठी माझं माप असं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी १६० ग्रॅम, दोन अंडी आणि वर एक बलक, वास नसलेलं तेल ६० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम (दीड छोटा चमचा), इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम (दोन छोटे चमचे). तराजू वापराच, वाटीच्या मापात मैदा दाबून भरला की सगळं बिघडतं. ब्रेडसाठीचा, जास्त प्रथिनांचा मैदा मिळाला तर तोच घ्या. साध्या मैद्यात १० ग्रॅम ग्लुटेन पावडर मिसळली तरी फरक कळतो. साखर १०० ग्रॅमच्या पुढे नेऊ नका. ती पाणी ओढून घेते, यीस्ट मंदावतं आणि साल करपते. अंडं प्रत्येक वेळी आधी काचेच्या पेल्यात फोडून पाहतात. बलकावर रक्ताचा ठिपका असलेलं अंडं कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे केलेल्या, स्वयंपाकात चालत नाही.

पीठ हाताने दहा-बारा मिनिटं मळा. सुरुवातीला चिकटेल, तरी वरून मैदा घालत बसू नका. तुमच्या घट्टपणाचं दुसरं कारण बहुधा हेच आहे. लिंबाएवढा तुकडा बोटांनी हळूहळू ताणल्यावर न फाटता पातळ पडदा झाला की मळणं पुरे. गोळा तेलाच्या हाताने भांड्यात झाकून दुप्पट होऊ द्या. २६ अंशांच्या खोलीत दीड ते दोन तास लागतात. मुंबईच्या मे महिन्यात तासाभरातही होतो, म्हणून उन्हाळ्यात फ्रिजमधलं पाणी घ्या आणि यीस्ट ४ ग्रॅमवर आणा. वेळ हाताशी असेल तर एकदा मळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. थंड पिठाचे पेड फार सुबक वळले जातात.

एकूण पीठ साधारण ९०० ग्रॅम भरतं. एका हाल्याला ४५० ग्रॅम, म्हणजे तीनपेडी वेणीला प्रत्येकी १५० आणि सहापेडीला ७५ ग्रॅमचे तुकडे. वजन करूनच तोडा. प्रत्येक तुकडा लाटून चपटा करा, घट्ट गुंडाळी करून कड चिमटीने बंद करा आणि मगच हाताखाली लांबवा. नुसता गोळा ताणून पेड केला तर आत हवेचे पोकळ बोगदे राहतात. मधे जाड, टोकांना निमुळता, लांबी ३५ सेंटिमीटर. पेड आखडत असेल तर जोर लावू नका. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग तो आपणहून लांबतो. वेणीआधी पेडांवर चिमूटभर कोरडा मैदा भुरभुरला की भाजल्यावरही ते वेगवेगळे उठून दिसतात.

तीन पेडांची वेणी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे घाला, म्हणजे आकार एकसारखा येतो. सहा पेडांची वरची टोकं जोडून घ्या आणि दर वेळी उजवीकडचा शेवटचा पेड उचला: दोनवरून, एकाखालून, पुन्हा दोनवरून. तो डावीकडे शेवटी जातो. हेच शेवटपर्यंत. सैल हाताने घाला, पेडांमध्ये किंचित जागा दिसली तरी चालेल. दोन्ही टोकं दाबून खाली दुमडा.

आता खरी कसोटीची वेळ. अंड्याचा हात फिरवा (एक अंडं, चमचाभर पाणी, चिमूटभर मीठ, गाळून) आणि उबदार जागी ४५ ते ७५ मिनिटं फुगू द्या. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: कडेला हलकेच दाबल्यावर खळगा लगेच भरला तर अजून थांबा, सावकाश आणि अर्धवटच भरला तर भाजायला घ्या, अजिबात भरला नाही तर उशीर झाला, वेणी पसरणार. भाजायच्या आधी अंड्याचा दुसरा हात द्या, सांध्यांतही. खसखस किंवा तीळ याच वेळी.

ओटीजी १७५ अंशांवर, पंधरा मिनिटं आधी तापवलेला, ट्रे मधल्या कप्प्याच्या एक खाली. २८ ते ३२ मिनिटं. साखर आणि अंड्यामुळे रंग लवकर चढतो, म्हणून विसाव्या मिनिटाला वरून फॉइल सैल झाका. तुमच्या २०० अंशांत साल काळी पडते, आत मात्र कच्चं. थर्मामीटर मधोमध ८८ ते ९० अंश दाखवेल तेव्हा काढा. पाऊण तास जाळीवर निवू द्या, गरम कापला तर आतला भाग गोळा होतो.

हे शब्बाथसाठी करणार असाल तर शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत भाजून झालं पाहिजे. टेबलावर दोन अखंड हाला ठेवतात, बायबलमधल्या कथेत वाळवंटात शुक्रवारी मिळणाऱ्या दुप्पट मान्नाची, म्हणजे देवाने दिलेल्या अन्नाची, आठवण म्हणून. पिठातून लहान तुकडा वेगळा काढून जाळण्याचा विधी मोठ्या मापाला लागू होतो, रूढीनुसार साधारण सव्वा किलो मैद्यापासून. ५०० ग्रॅमला गरज नाही.

अंडं खात नसाल तर पाण्याची हालाही अस्सल आहे, सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, घरांत कमी गोड ब्रेडच पसंत करतात. अंड्यांऐवजी एकूण पाणी २८० ग्रॅम, साखर ३०, तेल ५०. वरून सोया दूध लावा आणि भाजून काढताच साखरेच्या पाण्याचा एक हात फिरवा. रंग फिकटच येईल.