मराठी शिक्षक नाही, म्हणून शाळेची जबाबदारी संपत नाही

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आम्ही साताऱ्याहून न्यू जर्सीला आलो. मुलगा तिसरीत, आजवर मराठी माध्यमात शिकलेला. शाळा म्हणते, मराठी शिक्षक नाहीत, इंग्रजी कानावर पडून येईल. आता 'शिकण्यात अडचण' म्हणून तपासणीच्या संमतीपत्रावर सही मागताहेत. काय करू?

उत्तर : ताई, सही लगेच करू नका, पण 'तपासणी नको' असंही लिहून देऊ नका.

आधी प्रवेशाच्या वेळी भरलेल्या घरच्या भाषेच्या फॉर्मची प्रत मागा. मुलाला मागे टाकतील या धास्तीने आपली काही मंडळी तिथे 'इंग्रजी' लिहून मोकळी होतात. मग इंग्रजीची चाचणीच होत नाही आणि शाळेच्या लेखी मुलाला मदतीची गरजच उरत नाही. तसं झालं असेल तर 'घरी मराठी' अशी लेखी दुरुस्ती देऊन चाचणी मागा.

मराठीतून वर्ग मिळेलच असं नाही. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार शाळा-जिल्ह्यात इंग्रजी कच्चं असलेली एका भाषेची 20 मुलं असली तर द्विभाषिक वर्ग, सगळ्या भाषांची मिळून 10 असली तर ईएसएल, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणारा वर्ग. त्याहून कमी असली तरी इंग्रजीसाठी मदत द्यावीच लागते. 'कानावर पडून येईल' हे तर 1974 सालीच निकालात निघालं. लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांना इतरांसारखाच वर्ग आणि तीच पुस्तकं होती. तेवढ्याने समान वागणूक होत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं.

आता तपासणी. अपंग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या 'आयडिया' या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार ती मुलाची खरी कुवत कळेल अशा भाषेत हवी. अगदीच अशक्य असेल तरच सूट. आणि इंग्रजी कच्चं हेच मुख्य कारण असेल, तर मुलाला अपंग ठरवता येत नाही. म्हणून ईमेलने तीन गोष्टी विचारा : आजवर इंग्रजीसाठी कोणती मदत दिली, आठवड्याला किती मिनिटं, मराठीतून तपासणी कोण करणार. सोबत साताऱ्याचं प्रगतिपुस्तक जोडा. दुसरीत तो मराठी नीट वाचत होता, हे दिसलं तर शाळेचा दावा बराच लुळा पडतो. बैठकीला दुभाषी मागा. तो शाळेच्या खर्चाने येतो. मुलालाच दुभाषी करू नका.

उत्तर आलं नाही तर केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे, घटनेपासून 180 दिवसांत, फुकट तक्रार करता येते. 2025 च्या नोकरकपातीनंतर तिथे वेळ लागतो. म्हणून तपासणीबाबतची तक्रार राज्याच्या शिक्षण खात्याकडेही करा. तिथे मुदत 1 वर्षाची आहे.