जँगोत (पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) युजरच्या भूमिकेनुसार पानं बंद करताना

मेनूतली ‘ॲडमिन’ लिंक लपवली म्हणजे पान बंद झालं, असं धरू नकोस. पत्ता थेट टाइप केला की ते उघडतंच. तपासणी सर्व्हरवर, प्रत्येक व्ह्यूमध्ये (पत्ता उघडल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) हवी; सेव्ह आणि डिलीट करणाऱ्या व्ह्यूंवरही. नवखे नेमके तेच विसरतात. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१च्या धोक्यांच्या यादीत हाच धोका, म्हणजे कच्ची प्रवेश-तपासणी, पहिल्या क्रमांकावर आहे.

सुरुवातीला एवढंच कर:

- ‘लॉगिन रिक्वायर्ड’ (व्ह्यूवर लावायची जँगोची तयार तपासणी) फक्त लॉगिन बघतं, भूमिका नाही. ‘परमिशन रिक्वायर्ड’ही लाव.
- परवानग्या ग्रुपला दे, एकेका युजरला नको.
- लॉगिन केलेल्याला मनाई असेल तर ४०३ (‘परवानगी नाही’ असा एरर) दाखव, परत लॉगिनच्या पानावर ढकलू नकोस.

मग साध्या युजरने लॉगिन करून प्रत्येक पत्ता उघडून बघ. सुपरयुजरने तपासू नकोस, त्याला सगळंच उघडतं. एकेका नोंदीपुरत्या परवानग्या नंतर बघू. अडलं तर बिनधास्त विचार.