‘पीस ऑफ केक’ कुठे चालतं?

प्रश्न : काम सोपं होतं हे सांगायला मला ‘ईझी’ आणि ‘पीस ऑफ केक’ एवढंच सुचतं. कार्यालयीन ईमेलमधलं ‘पीस ऑफ केक’ वरिष्ठांनी खोडलं. मग काय लिहावं?

उत्तर : वरिष्ठांनी योग्यच केलं. तो बोलण्यातला प्रयोग आहे. मित्राला ‘द टेस्ट वॉज अ पीस ऑफ केक’ जरूर सांगा. त्यातला ‘अ’ गाळू नका आणि अनेकवचनही करू नका. ‘पीसेस ऑफ केक’ म्हटलं की खरोखरचा केक डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्यानं राबून केलेल्या कामाला मात्र हे शब्द लावू नयेत, त्याच्या मेहनतीला किंमत नाही असा अर्थ निघतो. ईमेलमध्ये किंवा अहवालात ‘द प्रोसीजर इज स्ट्रेटफॉरवर्ड’ लिहा. पायऱ्या स्पष्ट आहेत, कुठे गोंधळ नाही, हे त्यात नेमकं येतं.

बाकी शब्द निवडताना सोपं काय आहे ते आधी पाहा. काम सोपं असेल तर ‘अ ब्रीझ’ किंवा ‘अ सिंच’. ब्रिटिश बोलीत ‘अ डॉडल’. फार विचार न करता घेता येणारा निर्णय ‘अ नो-ब्रेनर’. विनाअडथळा पार पडलेलं काम ‘प्लेन सेलिंग’, अमेरिकेत ‘स्मूद सेलिंग’. सहज मिळालेल्या विजयाला ‘वी वन हँड्स डाउन’. हा प्रयोग घोड्यांच्या शर्यतीतला : जिंकणार हे नक्की झालं की जॉकी लगाम सैल सोडून हात खाली घेई. ‘वॉक इन द पार्क’ बऱ्याचदा नकारातच भेटतं. ‘इट वॉज नो वॉक इन द पार्क’ म्हणजे काम चांगलंच जड गेलं.

‘सिंपल’ आणि ‘ईझी’ यांतही फरक आहे. ज्यात गुंतागुंत नाही ते सिंपल, ज्याला कष्ट पडत नाहीत ते ईझी. रोज पहाटे उठायचं, हा नियम सिंपल आहे. पाळणं ईझी नाही. ‘सिम्प्लिस्टिक’ हा तर टीकेचा शब्द : गुंतागुंतीचा प्रश्न उगाच सोपा करून मांडला, असा. कौतुक म्हणून तो वापरणारे पुष्कळ आहेत, आणि ही चूक फार महागात पडते. ‘फॅसाइल’सुद्धा बहुधा उथळपणाच दाखवतं.

आता मराठीतून येणाऱ्या चुका. ‘मला सोपं आहे’ याचं ‘आय ॲम ईझी’ होत नाही; ब्रिटिश बोलीत त्याचा अर्थ ‘तुम्ही ठरवाल ते मला चालेल’ असा होतो. ‘इट इज ईझी फॉर मी’ म्हणा. ‘धिस बुक इज ईझी टू रीड इट’ यातला शेवटचा ‘इट’ काढून टाका, कारण पुस्तकाचा उल्लेख सुरुवातीलाच झाला आहे. क्रियापदाला जोडताना ‘ईझिली’ : ‘शी सॉल्व्ड इट ईझिली’. ‘टेक इट ईझी’सारखे रूढ प्रयोग तेवढे याला अपवाद.